एकच संप्रेरक, पण हृदय ऐकते आणि मेंदूतली ग्रंथी ऐकत नाही : सोलापुरातील एका कुटुंबाचे प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी आणि घरी विड्या वळण्याचे काम करणारी २९ वर्षांची एक विवाहित स्त्री एप्रिल महिन्यात आईला सोबत घेऊन माझ्या दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या हातात थायरॉइडची ग्रंथी काढून टाकण्याचा सल्ला लिहिलेला कागद होता. शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, एवढेच तिला विचारायचे होते. या एका प्रश्नातून पुढच्या काही महिन्यांत तिच्यासह तिच्या माहेरच्या चार माणसांचे निदान झाले आणि ठरलेली शस्त्रक्रिया रद्द झाली. हे प्रकरण तिच्या व तिच्या कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये यासाठी निदानाला बाधा न आणणारे काही तपशील बदलले आहेत.

तक्रारी दीड वर्षापासूनच्या होत्या. छातीत सतत धडधड होत असे. तेंदूचे भिजवलेले पान कात्रीने मापात कापताना हात थरथरत असे, कापलेले पान मापात बसत नसे आणि वाया जात असे. पूर्वी दिवसाला सातशे-आठशे विड्या होत, त्या पाचशेवर आल्या होत्या. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे हा कंप तिला कोणत्याही अहवालाआधी पैशांत दिसला होता. उकाडा सोसत नाही अशीही तक्रार होती. पण पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना सोलापुरात या तक्रारीला निदानात फारसे वजन देता येत नाही, म्हणून ती नोंदवून मी बाजूला ठेवली. वजन मात्र घटलेले नव्हते, उलट दोन किलोंनी वाढले होते. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि या काळात नवव्या व अकराव्या आठवड्यात असे दोन गर्भपात झाले होते. त्यांचे कारण त्या वेळच्या तपासण्यांत सापडले नव्हते.

टी-४ आणि टी-३ ही थायरॉइडची दोन संप्रेरके. आधीच्या दवाखान्यात केलेल्या पहिल्या तपासणीत फ्री टी-४ प्रति डेसीलिटर २.६ नॅनोग्रॅम होते आणि त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा १.८ होती. फ्री टी-३ प्रति मिलिलिटर ५.९ पिकोग्रॅम होते व त्याची वरची मर्यादा ४.४ होती. थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक, टीएसएच, ३.४ होते, म्हणजे अगदी सामान्य कक्षेत. ‘थायरॉइड वाढला आहे’ असे सांगून कार्बिमाझोल हे थायरॉइडचे संप्रेरक कमी करणारे औषध दिवसाला २० मिलिग्रॅम सुरू करण्यात आले. पाच महिन्यांनी टी-४ खाली येऊन १.६ झाले, टीएसएच १७ वर गेले आणि गळ्याची गाठ डोळ्यांना दिसेल इतकी मोठी झाली. औषधाने भागत नाही आणि गाठ वाढते आहे, तेव्हा ग्रंथी काढावी, असा सल्ला मिळाला.

टी-४ आणि टी-३ दोन्ही वाढलेले असताना टीएसएच ३.४ असणे हा या प्रकरणाचा गाभा आहे, आणि तो पहिल्याच कागदावर होता. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातील थायरॉइड संप्रेरकावर सतत लक्ष ठेवते. संप्रेरक वाढले की ती टीएसएच बनवणे जवळजवळ बंद करते, कमी झाले की वाढवते. ग्रेव्हज्‌सारख्या नेहमीच्या आजारात थायरॉइड स्वतःच्या मर्जीने संप्रेरक ओतत असते, म्हणून टीएसएच मोजता न येण्याइतके खाली जाते. या स्त्रीच्या बाबतीत तसे झालेले नव्हते. अहवालाच्या वरच्या दोन ओळींवर नजर थांबली आणि तिसरी ओळ ‘सामान्य’ म्हणून ओलांडली गेली. प्रत्येक आकड्यासमोर ‘सामान्य’ किंवा ‘वाढलेले’ अशी स्वतंत्र खूण छापणाऱ्या अहवालात ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. तिसरा आकडा सामान्य तेव्हाच असतो, जेव्हा पहिले दोन सामान्य असतात.

तपासताना विश्रांतीच्या स्थितीत नाडी मिनिटाला ११२ होती. पसरलेल्या बोटांवर साधा कागद ठेवला तर त्याची कड बारीक, एकसारखी थरथरत होती. गळगंड दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ आणि न दुखणारा होता. सोनोग्राफीत त्याचे आकारमान ४१ मिलिलिटर आले. डोळे बाहेर आलेले नव्हते. त्वचा कोरडी होती, थायरॉइड वाढलेल्या माणसाची असते तशी ऊबदार व ओलसर नव्हती. एकाच शरीरातल्या या खुणा एकमेकींशी जुळत नव्हत्या.

धडधड काळजीमुळे किंवा तंबाखूच्या धुळीमुळे असेल का, हा प्रश्न रास्त होता, कारण विड्या वळणाऱ्यांच्या अंगात त्वचेतून आणि श्वासातून निकोटिन जाते. यासाठी दोन सोप्या गोष्टी केल्या. तीन आठवडे तिने विडीचे काम पूर्ण थांबवले. मजुरी बुडवून तिने हे केले, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. नाडीत फरक पडला नाही. दुसरे, पहाटे पाळीवर निघण्यापूर्वी तिच्या पतीने ती गाढ झोपेत असताना मनगट न हलवता पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, असे सात दिवस केले. आकडे ९४ ते १०० च्या दरम्यान आले. काळजीची नाडी झोपेत उतरते. ही उतरली नव्हती.

याच भेटीत दुसरा धागा हाती आला. मुलीचा गळा तपासून होईपर्यंत आई शेजारी उभ्या होत्या आणि पदर सावरताना त्यांच्या मानेवरचा जुना, आडवा, फिकट झालेला व्रण दिसला. वीस वर्षांपूर्वी ‘गलगंड’ म्हणून त्यांची ग्रंथी काढली होती. तेव्हापासून त्या थायरॉक्सिनची, म्हणजे टी-४ चीच, १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेत होत्या आणि तरीही टीएसएच कधी २५ च्या खाली आले नव्हते. त्यांच्या जुन्या कागदांवर ‘गोळी नियमित घेत नाही’ हा शेरा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत वारंवार होता. “रोज घेते हो डॉक्टर, देवाशपथ घेते. पण कोणी मानतच नाही,” असे त्या म्हणाल्या. मुलीच्या तक्रारी सांगताना त्या खंबीर होत्या. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

पहिले काम यंत्राच्या चुका वगळण्याचे होते. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे खोटे येतात. ती अशा गोळ्या घेत नव्हती. रक्तातील काही प्रतिपिंडेही मोजणीत घोटाळा करतात, म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेत वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर आणि नमुना पातळ करून मोजणी केली. कार्बिमाझोल बंद करून आठ आठवडे झाल्यावर फ्री टी-४ २.७, फ्री टी-३ ६.२ आणि टीएसएच ३.९ आले, दुसऱ्या यंत्रावर टी-४ २.५ आणि टीएसएच ३.६. आकडे खरे होते. ग्रेव्हज्‌ची प्रतिपिंडे नव्हती.

मग दोनच शक्यता उरल्या. पीयूषिकेत टीएसएच बनवणारी गाठ असेल, किंवा पीयूषिकेला संप्रेरकाचा निरोप पोहोचतच नसेल. एमआरआयमध्ये गाठ दिसली नाही. पण माझ्या दृष्टीने अधिक बोलकी चाचणी यकृताची होती. यकृत एसएचबीजी नावाचे एक प्रथिन रक्तात सोडते आणि थायरॉइड संप्रेरक वाढले की ते अधिक सोडते. गाठीमुळे संप्रेरक वाढलेल्या रुग्णांत हे प्रथिन सहसा वाढलेले सापडते. हिचे एसएचबीजी प्रति लिटर ४६ नॅनोमोल, म्हणजे स्त्रियांच्या सामान्य कक्षेत होते आणि ती गर्भनिरोधक गोळ्या घेत नव्हती. एलडीएल कोलेस्टेरॉल १३४ होते. थायरॉइड खरोखर जोरात असते, तर ते घसरायला हवे होते. थोडक्यात, रक्तात संप्रेरक दीडपट होते, हृदयाला ते पुरेपूर कळत होते, आणि यकृताला व पीयूषिकेला त्याचा पत्ता नव्हता.

येथून पुढे हे प्रकरण रक्ताच्या आकड्यांचे राहत नाही, ते जनुकांच्या वापराचे होते.

थायरॉइड संप्रेरक पेशीत शिरून केंद्रकातील ग्राही प्रथिनाला चिकटते आणि ते ग्राही डीएनएवर बसून ठरावीक जनुके चालू किंवा बंद करते. हे ग्राही बनवणारी जनुके दोन आहेत : १७व्या गुणसूत्रावरचे टीएचआरए आणि ३ऱ्या गुणसूत्रावरचे टीएचआरबी. पहिल्यापासून अल्फा प्रकारचे ग्राही बनते, दुसऱ्यापासून बीटा प्रकारचे. दोन्ही जनुके शरीराच्या प्रत्येक पेशीत असतात, हृदयाच्या पेशीत जशी तशीच यकृताच्या पेशीत. फरक त्यांच्या असण्यात नाही, त्यांच्या वाचनात आहे. हृदयाच्या स्नायूत, हाडांत आणि मेंदूच्या बऱ्याच भागांत अल्फा-१ ग्राहीचे प्राबल्य असते. यकृतात व मूत्रपिंडात बीटा-१ चे. पीयूषिकेत, हायपोथॅलॅमसमध्ये, कानाच्या आतल्या शंखात आणि डोळ्याच्या पडद्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींत बीटा-२ नावाचे रूप असते, जे इतरत्र फारसे सापडतच नाही.

बीटा-१ आणि बीटा-२ ही एकाच टीएचआरबी जनुकाची दोन रूपे आहेत आणि त्यांची शेपटीकडची बाजू एकच आहे; वेगळा आहे तो आरंभ. या जनुकाचे वाचन सुरू होण्याच्या जागा, ज्यांना प्रमोटर म्हणतात, एकाहून अधिक आहेत. यकृताच्या पेशीत एका जागेवरून वाचन सुरू होते आणि बीटा-१ तयार होते. पीयूषिकेच्या पेशीत दुसऱ्या जागेवरून सुरू होते आणि बीटा-२ तयार होते, कारण त्या पेशीत पिट-१ नावाचे एक नियामक प्रथिन असते आणि ते त्या दुसऱ्या प्रमोटरवर बसते. हेच पिट-१ टीएसएचच्या बीटा साखळीचे जनुकही चालवते. म्हणजे जी पेशी टीएसएच बनवणार, तीच त्याला लगाम घालणारे ग्राहीही बनवणार, ही जोडणी मुळातच घातलेली आहे. डोळ्याच्या पडद्यात मात्र पिट-१ नाही. तेथे बीटा-२ चे वाचन जनुकाच्या आतल्याच, प्रथिनात न उतरणाऱ्या एका तुकड्याच्या साहाय्याने सुरू होते आणि तो तुकडा जागा करणारी प्रथिने वेगळी आहेत. प्रथिन तेच, पण दोन ऊतींनी ते मिळवण्याचे मार्ग निराळे. यकृताच्या पेशीत ही बीटा-२ ची जागा बंद असते, म्हणून तेथे ते रूप बनत नाही.

हे मी रुग्णाच्या पतीला समजावून सांगू लागलो, तेव्हा माझ्यापेक्षा चांगला दाखला त्यानेच दिला. तो यंत्रमागावर चादरीचे काम करतो. “म्हणजे जकार्डसारखं,” तो म्हणाला. ताणा तोच, सूत तेच, माग तोच. वर फिरणाऱ्या कार्डांच्या मालेत कोठे भोक आहे आणि कोठे नाही, त्यावर कोणता उभा धागा वर उचलला जाणार हे ठरते आणि त्यावरून एका चादरीवर मोर येतो, दुसरीवर वेल. दाखला अगदी नेमका आहे, फक्त एक भेद सांगावा लागला : मागावर कार्डे माणूस चढवतो, पेशीची कार्डे तिच्या गर्भावस्थेपासूनच्या वाटचालीत तिच्याच आत लागत गेलेली असतात आणि प्रौढ वयात ती सहसा बदलत नाहीत.

आता बिघाड कोठे होता ते पाहू. थायरॉइड संप्रेरकाला दाद न देण्याचा हा विकार सॅम्युएल रेफेटॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली प्रथम वर्णिला. ग्राहींची जनुके १९८६ मध्ये हाती आली आणि १९८९ मध्ये टीएचआरबीतील बदल या विकाराशी जोडले गेले. सुमारे ४०,००० जन्मांमागे एकात तो आढळतो, असा अंदाज आहे. आपल्याकडे हे निदान फारसे होत नाही, पण आजारच नाही असे त्यावरून मानू नये. पहिल्या तपासणीत तिसरी ओळ ओलांडली गेली, तर निदान व्हायचे कसे?

आमच्या रुग्णाच्या टीएचआरबी जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत ३३८व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन बसवणारा बदल सापडला. जगभरातील अनेक असंबंधित कुटुंबांत नोंदवला गेलेला हा ओळखीचा बदल आहे. येथे एक शंका स्वाभाविकपणे येते : दुसरी प्रत चांगली असताना आजार का व्हावा? याचे उत्तर ग्राहीच्या वागण्यात आहे. संप्रेरक नसतानाही हे ग्राही डीएनएवर बसलेले असते आणि दडपणाऱ्या प्रथिनांना धरून जनुक मुके ठेवते. संप्रेरक आले की ती प्रथिने सुटतात. बिघडलेले ग्राही संप्रेरकाला नीट धरत नाही, पण डीएनएवरची जागा अडवून बसते आणि शेजारच्या चांगल्या ग्राहीलाही काम करू देत नाही. जागा अडवणारा सहकारी हा गैरहजर सहकाऱ्यापेक्षा अधिक नुकसान करतो. याचा पुरावा त्या १९६७ च्या पहिल्या कुटुंबातच मिळाला : तेथे हे जनुक पूर्णपणे गळालेले होते, एक प्रत गमावलेले आईवडील निरोगी होते आणि दोन्ही प्रती गमावलेली मुलेच आजारी होती.

म्हणून घडते ते असे. पीयूषिका बीटा-२ वर अवलंबून असल्यामुळे ती बहिरी होते, संप्रेरक कमीच आहे असे समजून टीएसएच बनवत राहते आणि थायरॉइडला अधिक काम करायला लावते. थायरॉइड वाढते, संप्रेरक वाढते. त्या वाढीव पातळीवर पीयूषिका आणि यकृत यांना कसेबसे पुरेसे ऐकू येऊ लागते आणि तोल तेथे स्थिरावतो. पण हृदय अल्फा-१ वापरते आणि टीएचआरए जनुक पूर्ण निर्दोष आहे. ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या पेशींतील आयनांचे मार्ग, आकुंचनाचे मायोसिन, कॅल्शियम आत ओढून घेणारा पंप, या सर्वांची जनुके वाढीव संप्रेरकाला इमानेइतबारे दाद देतात. बिघडलेले जनुक ज्या अवयवात सर्वांत कमी वापरले जाते, त्याच अवयवाला सर्वाधिक झीज सोसावी लागते, ही या विकारातील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे आणि ऊतींमधील जनुकनियमनाचा फरक लक्षात घेतल्याशिवाय ती समजणेच शक्य नाही.

उंदरांवरील प्रयोगांनी हे वेगळेही करून दाखवले आहे. अल्फा-१ नसलेल्या उंदरांचे ठोके मंद असतात. बीटा नसलेल्या उंदरांना कानांनी ऐकू येत नाही आणि त्यांचे संप्रेरक व टीएसएच दोन्ही वाढलेले असतात. माणसांत टीएचआरएमधील बदलाचा विकार २०१२ साली प्रथम वर्णिला गेला आणि त्याचे चित्र या प्रकरणाच्या जवळजवळ उलट आहे : टीएसएच सामान्य, पण नाडी मंद, बद्धकोष्ठ, उंची खुंटलेली.

मग कार्बिमाझोलने काय केले, ते उघड आहे. त्याने संप्रेरक खाली आणले, पीयूषिकेला जे थोडे ऐकू येत होते तेही बंद झाले, टीएसएच १७ वर गेले आणि त्या रेट्याने गळगंड वाढला. ग्रंथी काढली असती तर तिचीही स्थिती आईसारखी झाली असती.

उपचार त्या मानाने साधा निघाला. संप्रेरकाला हात लावायचा नाही, हृदयाला तेवढे जपायचे. दम्याचा इतिहास नाही याची खात्री करून नाडी मंदावणारे प्रोप्रॅनोलॉल २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू केले. सहा आठवड्यांत विश्रांतीची नाडी ८४ वर आली आणि कात्री स्थिर झाली. ती कामाला परत लागली, तेव्हा विड्यांचा आकडा तिने स्वतःहून येऊन सांगितला. कार्बिमाझोल बंद केल्यावर आठ महिन्यांनी गळगंड ४१ वरून ३३ मिलिलिटरवर आला होता. हाडेही अल्फा ग्राहींची असल्यामुळे हाडांची घनता मोजली. ती वयाच्या मानाने किंचित कमी आहे आणि दर दोन वर्षांनी पाहायची ठरले आहे. ऐकणे आणि रंगांची ओळख तपासली, दोन्ही ठीक होते.

गर्भपातांविषयी बोलताना मी शब्द जपून वापरले. अझोर्स बेटांवरील मूळ असलेल्या एका मोठ्या कुटुंबाचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, हा विकार असलेल्या मातांत गर्भपाताचे प्रमाण अधिक होते, विकार असलेल्या पुरुषांच्या पत्नींत मात्र तसे नव्हते. आईचे वाढीव संप्रेरक गर्भात जाते; गर्भाला विकार नसेल तर त्याचे सर्व ग्राही चांगले असतात आणि त्याला ते अतिरेकी ठरते. निरोगी बाळालाच धोका अधिक, असे हे उलटे गणित आहे. हिचे दोन गर्भपात यामुळेच झाले असे मी म्हणालो नाही, कारण ते सिद्ध करता येत नाही. पण ते तिने जड सामान उचलल्यामुळे किंवा विड्या वळल्यामुळे झाले, असे घरात जे बोलले जात होते, ते धरून ठेवण्याचे कारण उरले नाही, हे मी तिच्या सासूबाईंना समोर बसवून सांगितले. पुढील गर्भधारणेत प्रसूतितज्ज्ञांसोबत सुरुवातीपासून पाहणी करायची आणि गर्भाची वाढ व त्याच्या हृदयाचे ठोके यांवर लक्ष ठेवायचे, असा लेखी आराखडा तिच्याकडे दिला आहे.

तिच्या २४ वर्षांच्या भावाचे फ्री टी-४ २.४ आणि टीएसएच २.९ आले, जनुकातील बदल तोच. त्याला त्रास म्हणावा असा काही नव्हता. पण शाळेत ‘हा बाकावर टिकत नाही, लक्ष देत नाही’ म्हणून त्याने मार खाल्ला आणि आठवीत शाळा सोडली, हे ऐकल्यावर माझी लेखणी थांबली. या विकाराच्या मुलांमध्ये लक्ष न टिकण्याचे व अतिचंचलतेचे प्रमाण मोठे असते, हे १९९३ पासून माहीत आहे. त्याच्याबाबतीत आता ते तपासून फारसे हाती लागणार नाही. बहिणीला पुढे मूल झाले, तर मात्र ही नोंद उपयोगी पडेल.

खरा अवघड प्रसंग त्याच्या लग्नाचा होता. मामाच्या मुलीशी त्याचे लग्न व्हावे, अशी दोन्ही घरांची कित्येक वर्षांची इच्छा होती आणि आपल्या भागात या नात्यातली लग्ने रीतीनेच होतात. विकार एका प्रतीनेही उतरतो, म्हणून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आई आणि मामा सख्खी भावंडे. तेव्हा मामांनाही हा बदल असण्याचा संभव तितकाच होता. मामांची तपासणी केली आणि तो निघाला. आता त्यांच्या मुलीतही तो असेल आणि हे लग्न झाले, तर दर चार अपत्यांमागे एकात दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता येते. तेव्हा पीयूषिका, यकृत, कान, डोळा, बीटा ग्राहीवर चालणाऱ्या कोणत्याच ऊतीत चांगली प्रत उरत नाही आणि अशा मुलांची जी मोजकी वर्णने वैद्यकात आहेत, ती फार गंभीर आहेत. मी लग्न करा किंवा करू नका असे सांगितले नाही. एवढेच सांगितले की, मुलगी सज्ञान आहे, चाचणी करायची की नाही हे तिने ठरवावे आणि निकाल आधी तिच्या हातात जावा. ती आत्याबरोबर न येता एकटी आली, तासभर प्रश्न विचारत बसली आणि रक्त देऊन गेली. तिचा निकाल तिचा आहे. तो येथे लिहीत नाही.

आईंचे काम शेवटी हाती घेतले, कारण त्यांना घाई नव्हती आणि मला पुरावा मांडायचा होता. गोळ्या बुडवून तपासणीच्या आदल्या दिवसांत घेणाऱ्यांचेही टी-४ चांगले आणि टीएसएच वाढलेले येऊ शकते, म्हणून सहा आठवडे रोज सकाळी नातीने गोळी हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायची, असे ठरवले. बेचाळीस फुल्या मारलेली पाने त्या घडी करून घेऊन आल्या. फ्री टी-४ १.७ होते, टीएसएच २६. गोळी पोटात जात होती, रक्तात दिसत होती, फक्त पीयूषिका ती मोजत नव्हती. वय ५८ आणि हृदय अल्फा ग्राहीचे, म्हणून टीएसएचचा आकडा पूर्ण सामान्य करण्याच्या मागे न लागता मात्रा आधी १२५ आणि मग १५० मायक्रोग्रॅम केली, दरवेळी ईसीजी व नाडी पाहून.

नवीन केसपेपर लिहिताना त्यांनी एक विनंती केली की, यावर जे लिहाल ते मराठीत लिहा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांआधी मला वाचता येईल. पहिल्या ओळीत मी लिहिले : ‘रुग्ण गोळी रोज न चुकता घेतात. मात्रा जास्त लागते, कारण पीयूषिकेतील ग्राहीत जन्मजात दोष आहे.’ त्यांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली, कागद पिशवीत ठेवला आणि पुढची तारीख विचारली.